सगळेच तारे जोडतारे

"मावशी, हाही जोडतारा!"

दहा मिनिटांतला हा चौथा. पहिला मीच दाखवला होता, रोहिणीच्या शेजारचा. तिथे दोन तारे अगदी चिकटून बसलेत आणि बायनॉक्युलरमधून ते सुटे सुटे दिसतात. त्यानंतर भाच्याला ब्रह्महृदय जोडतारा दिसला, मग काक्षी, आणि आता व्याध. व्याधाला सोबती आहे हे खरं, पण तो श्वेतबटू, म्हणजे विझत चाललेला छोटासा तारा, माझ्या १०×५० मधून (दहापट मोठं दाखवणारं, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) दिसणं निव्वळ अशक्य. मी बायनॉक्युलर हातात घेतलं. मलाही दोन व्याध दिसले.

"कधी पडलं हे?"

"गाडीतून काढताना. पण गवतावर पडलं गं."

बायनॉक्युलरच्या दोन नळ्या दोन वेगळ्या दिशांना बघायला लागल्या होत्या. प्रत्येक नळीत प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे, बसवलेले असतात. त्यातला एक जरी धक्क्याने जरासा सरकला, तरी दोन्ही डोळ्यांपुढची चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत. फरक थोडा असेल तर डोळ्यांचे स्नायू ओढाताण करून चित्र जुळवतात, आणि अर्ध्या तासाने आपण 'आज डोकं का दुखतंय' म्हणत बसतो. याची परीक्षा सोपी आहे. एका ठळक ताऱ्याकडे बघायचं आणि एकाच बाजूचा फोकस मुद्दाम बिघडवायचा. त्या डोळ्याला ताऱ्याची वाटोळी चकती दिसते, दुसऱ्याला नेहमीचा टोकदार बिंदू. बिंदू चकतीच्या मधोमध आला तर ठीक. माझा बिंदू चकतीच्या पार बाहेर पडला होता.

दुरुस्तीवाल्याने तीन महिने ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा तारे एकेकटे झाले होते, पण उजव्या नळीत, आतल्या बाजूने, एका अंगठ्याचा सुबक ठसा होता. तो काढायला पुन्हा त्याच्याचकडे द्यायचा धीर मला झाला नाही. मग वर्षभर मी डाव्याच नळीतून आकाश पाहिलं. एक डोळा मिटून बघताना अंधुक तारे किती गळतात ते तेव्हा कळलं. दोन डोळे मिळून बघतात तेव्हा अंधुक गोष्ट ओळखण्याची ताकद सुमारे १.४ पट होते. आकडा किरकोळ वाटेल, पण कृत्तिकांच्या पुंजक्यातले कडेचे बारीक तारे त्या आकड्यावरच जगतात.

शेवटी नवीन घेतलं. पुन्हा १०×५०च. कुणी ७×५० सुचवलं होतं, कारण ते हातात कमी हलतं. पण ५० ला ७ ने भागा. त्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटरहून थोडा रुंद असतो, आणि एवढी मोठी बाहुली तरुणपणीच उघडते. पन्नाशीनंतर माझी ५ मिलिमीटर उघडली तरी पुष्कळ. बाकीचा प्रकाश बुबुळावर सांडून जाणार. १०×५० चा झोत बरोबर ५ मिलिमीटरचा. हिशोब जुळला, फक्त थरथर वाढली.

या थरथरीबद्दल बायनॉक्युलरच्या खोक्यावर कुणी काही लिहीत नाही. दहापट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही दहापट मोठा दिसतो. उभ्याने गुरूकडे बघितलं तर गुरू आकाशात सही करत असतो. त्याचे चार मोठे चंद्र, जे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले, ते या बायनॉक्युलरला खरं तर झेपतात, पण त्या सहीत पुसले जातात. कोपर गाडीच्या टपावर टेकवा, तेच चंद्र गुरूच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकांसारखे उभे राहतात. अंधुक ताऱ्यांचंही तसंच. डोळ्यासमोर एका जागी थांबला तरच तो डोळ्यात भरतो.

म्हणून मी नाना उपाय केले. लादी पुसायच्या मॉपची दांडी पोटाशी टेकवून तिच्या टोकावर बायनॉक्युलर ठेवून पाहिलं, छान जमतं. पुढे छज्जा असलेली टोपी घालून छज्जा आणि नळ्या एकाच मुठीत धरल्या, तेही जमतं. सगळ्यात उत्तम म्हणजे आरामखुर्चीत पाठ टेकून, कोपरं बरगड्यांना चिकटवून आडवं होणं. मग फक्त एकच हालचाल उरते. तारा लयीत टुणटुण उडतो. पहिल्यांदा मला वाटलं खुर्चीच कुरकुरतेय. मग लक्षात आलं, ते माझ्याच नाडीचे ठोके आहेत.

खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवण्यालाही मी हसत नाही. जॉर्ज अल्कॉक नावाचे इंग्लंडमधले एक निवृत्त शाळामास्तर होते. हजारो ताऱ्यांच्या जागा त्यांना पाठ होत्या. मे १९८३ मध्ये त्यांनी घरात गुडघे टेकून, बंद खिडकीच्या काचेतून, १५×८० बायनॉक्युलरने एक धूमकेतू शोधला. आयरास-अराकी-अल्कॉक त्याचं नाव. काही दिवसांनी तो पृथ्वीपासून ५० लाख किलोमीटरच्या आतून गेला. एरवी काचेतून आकाश बघू नये असं मीच सगळ्यांना सांगते.

तर गेल्या डिसेंबरात, अमावास्येला लागून, आम्ही पुन्हा एका गडद जागी गेलो. आम्ही म्हणजे मी आणि तोच भाचा, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच. मोबाइल बंद करून पिशवीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका नोटिफिकेशनने ती मेहनत पाण्यात जाते, हे त्याला पाठ आहे. तरी एकदा पिशवी उजळलीच. मी काही बोलले नाही, घड्याळ मात्र पुन्हा शून्यापासून लावलं.

त्याला देवयानी दीर्घिका बघायची होती, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या 'डब्ल्यू'तला जास्त टोकदार कोन बाणासारखा धरला, की तो तिच्याकडे रोखलेला असतो. मी खुर्चीतून तिला पकडलं. लांबट, राखाडी, मधे जराशी उजळ, कडा कुठे संपतात ते ठरवता न येणारी. बायनॉक्युलर त्याच जागी धरून मी त्याला खुर्चीत बसवलं, कोपरं आवळून दिली.

"हलवू नको."

"हलवत नाहीये. काहीच नाहीये इथे."

"नेमकं तिच्यावर बघू नको, जरा कडेला बघ." अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यापासून बाजूला जास्त असतात, त्यामुळे तिरप्या नजरेला जे दिसतं ते सरळ नजरेला दिसत नाही.

"नाही दिसत गं."

पाच मिनिटं तो अगदी पुतळ्यासारखा बसला. मग त्याला शिंक आली. बायनॉक्युलर खालीवर हेलकावलं आणि तो म्हणाला, "थांब, काहीतरी सरकलं."

ही गोष्ट मला माहीत होती आणि मी साफ विसरले होते. बिंदूसारख्या ताऱ्याला स्थिर हात लागतो, पण पसरट, फिक्या डागाचं उलटं आहे. तो स्थिर असला की आजूबाजूच्या काळ्यात विरून जातो, जरासा हलला की डोळा त्याला हेरतो. नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारायची, एवढंच. इतकी वर्षं मी टोप्या आणि दांड्या घेऊन थरथरीच्या मागे लागले होते.

"टिचकी मार," मी म्हटलं.

त्याने मारली. "आहे! केवढी लांब आहे!" पुन्हा टिचकी. "आत्ता निघालेला उजेड नाही ना हा?"

"पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा."

तो गप्प झाला. अंधारात बराच वेळ फक्त नखाचा आवाज येत होता, टक, टक, आणि माझी पाळी काही येईना.