शाळेच्या बाथरूममधला बेडूक

ऑगस्टमधला तो दिवस पावसामुळे लक्षात राहिला. गोव्यात, आमच्या डिचोलीत पहाटेपासून असा धरला होता, की बाजारातल्या दुकानदारांनी खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतला होता. वीज गेलेली. इन्व्हर्टरवर एक दिवा, एक पंखा. एरवी पावसाळ्यात माझ्या दवाखान्याच्या बाकांवर सर्दी-तापाची पोरं मावत नाहीत. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत तीनच आली. चौथा तो. सात वर्षांचा, दुसरीतला. आई आणि आजीच्या मधे बसून पंख्याकडे बघत होता.

आईने त्याला बाहेर बसवायला पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "जूनमध्ये आले होते बघा डॉक्टर. अंथरुणाचं सांगितलं होतं."

केसपेपर काढला. जूनमध्ये तो तापासाठी आला होता. सगळ्यात खाली माझ्याच अक्षरात एक ओळ होती: रात्री अंथरूण ओलं करतो, धीर दिला. म्हणजे काय केलं, ते मला आठवत होतं. "होतं या वयात, आपोआप जाईल, संध्याकाळनंतर पाणी जरा कमी द्या." दीड मिनिट लागलं असेल. बाहेर पंधरा जण ताटकळत होते.

यात खोटं काही नव्हतं. पाच वर्षांपर्यंत तर आम्ही याला आजार म्हणतच नाही. सातव्या वर्षीही शंभरात पाच-दहा मुलं रात्री ओली असतात, मुलींपेक्षा मुलगे जास्त. त्यातली साधारण 15 टक्के दर वर्षी काहीही न करता कोरडी होतात. पण गोव्याच्या पावसात कापसाची गादी वाळवणाऱ्या बाईला "आपोआप" ऐकवणं आणि तिचं ते ऐकून घेणं, यात फरक आहे. ही बाई सावंतवाडीकडून लग्न होऊन इकडे आलेली. गादीला पंखा लावून, इस्त्री फिरवून, शेवटी चुलीजवळ उभी करून झालं होतं. "घरात पाहुणा आला की मी आधी उदबत्ती लावते," ती म्हणाली, "त्यांना वाटतं, आम्ही फार देवभक्त."

"आता किती वेळा होतं?"

"जूनमध्ये आठवड्याला तीन-चार वेळा व्हायचं. आता रोज. कधी कधी दोनदा."

इथे मी खुर्चीत सरळ झाले. वाढलंय म्हटल्यावर पहिली शंका मधुमेहाची येते. लहान मुलांचा मधुमेह कधी कधी असाच, अंथरुणातून कळतो. तहान वाढते, पोर बारीक होतं, आणि घरचे पाणी तोडत बसतात. वजन केलं. जूनपेक्षा चारशे ग्रॅम जास्त भरलं. लघवीत पट्टी बुडवली. साखर नाही, जंतुसंसर्गाची खूणही नाही. कंबरेखाली पाठीवर खड्डा किंवा केसांचा पुंजका नाही. चालतो नीट. रात्री घोरत नाही. (हेही विचारावं लागतं. टॉन्सिल-ॲडिनॉइड वाढून झोपेत श्वास अडणारी काही मुलं नुसत्या त्याच्या शस्त्रक्रियेने कोरडी झालेली आहेत.)

"घरात आणखी कोणाला होतं का लहानपणी?"

"छे," आई म्हणाली.

आजी इतका वेळ गप्प होती. ती छत्रीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "ह्याच्या बापाला होतं. चौथीपर्यंत."

लग्नाला नऊ वर्षं झालेली. सुनेला हे माहीत नव्हतं, आणि पोरावर सगळ्यात जास्त ओरडायचा तो बापच. सून सासूकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. आई-बापांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात, दोघांना असेल तर सत्तरच्या वर जाते, हे मी सांगत होते. ते कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

मग पाण्याचं विचारलं.

"पाणी तर तुम्ही सांगितल्यापासून तोडलंच आहे," आई म्हणाली, अगदी आज्ञाधारक सुरात. "शाळेतून आला की जेवताना एक पेला, चार वाजता चहा. त्यानंतर काही नाही. रात्री मागतो, रडतो. एक घोट देते."

"आणि शाळेत बाटली नेतो ना?"

"नेतो. तश्शीच परत आणतो."

मी पेन खाली ठेवलं. "जरा कमी" म्हणजे किती, हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपल्या परीने भरपूर कमी केलं होतं. दोन महिने पोर दिवसाला तीन-चार पेल्यांवर होतं, वर तो संध्याकाळचा चहा, आणि त्यातच दुखणं वाढत गेलेलं.

बाहेर कोणी नव्हतं, म्हणून मी त्याच्याशी बोलायला वेळ घेतला. कोऱ्या कागदावर त्याच्या दिवसाची रेघ मारली. उठतोस कधी? सहाला. शू? करतो. शी? यावर त्याने आईकडे बघितलं. "सातला बस येते," आई म्हणाली, "तेवढ्यात काय होणार. दुपारी आल्यावर जातो. रोज जातो हां."

"मग शाळेत शू किती वेळा?"

गप्प.

"एकदा? दोनदा?"

त्याने मान हलवली. शाळा आठ ते एक, घरी पोचायला दीड-पावणेदोन. म्हणजे सहापासून पावणेदोनपर्यंत एकदाही नाही. या वयाच्या मुलाने दिवसात पाच-सात वेळा तरी जायला हवं.

"का रे जात नाहीस?"

बराच वेळ पंखाच फिरत राहिला. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथे बेडूक आहे."

आईला हे पहिल्यांदाच कळत होतं. कडी तुटलेली, आत अंधार, आणि चिऱ्याच्या भिंतीवर हा एवढा बेडूक. बसलं की तो उडी मारतो. एकदा पायावर मारली. तेव्हापासून हा जात नाही. पाणी प्यायलं तर जावं लागतं, म्हणून पाणीही पीत नाही. सात वर्षांच्या डोक्याने काढलेला हा तोडगा तर्काला एकदम पक्का होता.

मग त्याला टेबलावर झोपवून पोट बघितलं. जूनमध्येही बघितलं होतं, पण तापाच्या पोराचं बघतात तसं, घाईने. आता सावकाश दाबलं, तर डावीकडे खाली ओल्या मातीचे गोळे ओळीने लावून ठेवावेत तसं हाताला लागलं. आईचा हात धरून तिलाही दाखवलं. "हे काय?" शी, म्हटलं. "पण तो रोज जातो!" रोज जातो, पण पोट रिकामं होत नाही. वरचं थोडं येतं, बाकीचं मागे साठतं. विचारलं, घरचा संडास तुंबतो का? सासू-सून एकदम म्हणाल्या, "तुंबतो!" बाप बादल्या ओतून ओतून वैतागलेला. प्लंबरही येऊन गेला होता.

मूत्राशयाच्या अगदी पाठीला पाठ लावून गुदाशय असतं. ते असं भरलेलं असलं की मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही, आणि दाबामुळे ते भलत्या वेळी आवळतं. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात किती मावावं, याचा आमचा ठोकताळा असा: वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं, म्हणजे 240 मिलिलिटर. मी त्यांना मापाचा प्लास्टिकचा मग दिला आणि शनिवार-रविवार घरी मोजायला सांगितलं. सगळ्यात जास्त भरलं ते 110. पाणी तोडल्याने शी आणखी कडक, ती कडक म्हणून मूत्राशय आणखी चेपलेलं. या चक्रात एक ढकल माझ्या त्या वाक्याची होती. मी तसं आईला सांगितलं. तिने "असू दे हो" म्हणून सोडून दिलं, कारण तिला वेगळंच विचारायचं होतं.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. तीन आठवड्यांवर आलेली. मूळ घर सत्तरी तालुक्यात, गणपती पाच दिवसांचा, चुलत-मालत धरून तीस माणसं. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधून झाली की पोरं ओसरीवर एका ओळीत झोपतात. गेल्या वर्षी हा आईजवळ झोपला होता. यंदा चुलतभावांत झोपायचं म्हणतोय. "तेवढ्या पाच दिवसांची गोळी असते म्हणे?"

असते. शरीर रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून एक संप्रेरक सोडतं, त्याचीच ती नक्कल. डेस्मोप्रेसिन. लग्न, सहल अशा वेळी मी देतेही. पण तिची अट कडक आहे: गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ बंद. कोणी घटाघटा प्यायलं तर ते पाणी शरीरातच राहतं, रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात. आता चवथीची रात्र डोळ्यांसमोर आणा. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती अकरापर्यंत, पोरं घामाघूम, एका हातात नेवरी (आमची करंजी), दुसऱ्या हातात कोणीतरी दिलेलं सरबत. तीस माणसांत कोणाचं लक्ष राहणार? मी नाही म्हटलं. आई नाराज झाली, आणि त्या घडीला तिची बाजू चूक होती असं मी म्हणणार नाही.

त्याऐवजी दिलं ते फारच अनाकर्षक. पोट साफ करणारी पावडर, आधी चार दिवस जास्त, मग रोज थोडी, निदान काही महिने. जेवणानंतर दहा मिनिटं कमोडवर बसायचं, पायांखाली देवघरातला जुना पाट, म्हणजे गुडघे वर राहतात आणि जोर लागतो. पाणी भरपूर, पण बहुतेक सगळं दुपारपर्यंत. संध्याकाळी तहानेपुरतं. चहा बंद. दर दोन-तीन तासांनी शू. ओरडणं बंद, हे वडिलांसाठी. आजीने दारातून विचारलं, देवाला कौल लावला तर चालेल का. म्हटलं, लावा, पावडर मात्र चुकवू नका.

दुपारी मी शाळेत फोन केला. शाळेचं नाव इथे कशाला. बाई चांगल्या होत्या. बेडूक ऐकून हसल्या, मग हसू थांबलं. "डॉक्टर, खरं सांगू? मीही तिथे जात नाही. समोरच्या घरी जाते."

त्यांचं वर्षानुवर्षं असंच चाललेलं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या याला बरोबर नेऊ लागल्या, मग त्याच्यामागे आणखी चार पोरं आली, आणि समोरच्या घरातली बाई कुरकुरल्यावर पालक सभेत विषय निघून कडी बसली, दिवा लागला.

चवथीत तो चुलतभावांत झोपला. ओळीच्या टोकाला, खाली रेक्झिन. पाचातल्या दोन रात्री ओल्या. एका सकाळी कोणीतरी हसलं, तेव्हा बापाने तिथल्या तिथे सांगितलं म्हणे, की याच ओसरीवर मीपण केलंय. हे मला आईने फोनवर सांगितलं. मी तिला गोळीचं विचारलं नाही, तिनेही काढलं नाही.

नाताळपर्यंत आठवड्यात दोन रात्रींवर आलं. उरलेल्यासाठी गजर मागवला. चड्डीला चिमटा, खांद्यावर डबी, थेंब पडला की ती ओरडते. शोध जुना आहे. 1904 मध्ये फॉन फाउंडलर नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने वॉर्डातल्या नर्सना मूल ओलं झाल्याचं कळावं, एवढ्याचसाठी घंटी बसवली होती. मुलं कोरडी व्हायला लागली, हे नंतर ध्यानात आलं. इथे पहिले पंधरा दिवस घंटेने सगळं घर उठायचं, शेजारचा कुत्रा उठायचा, हा सोडून. रोज कोणीतरी याला उभं करून, डोळे उघडायला लावून बाथरूमपर्यंत चालवायचं, आणि ते काम बापाने घेतलं. ओळीने चौदा कोरड्या रात्री व्हायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडला.

यंदा जूनमध्ये तो खोकल्यासाठी आला होता. आता बाकावर एकटा बसतो. मी सगळं विचारलं, रात्र, शी, पाणी, आणि तो एका शब्दात उत्तरं देत होता. मग मी बेडकाचं विचारलं.

"आहे ना," तो म्हणाला. "आता दोन आहेत."