हनोईचा फो: हलका खरा, पण मिठाकडे लक्ष ठेवा

व्हिएतनामची राजधानी हनोईच्या जुन्या भागात फो, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या नूडल्स, हा सकाळचा नाश्ता. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक गरमागरम वाडगा संपवतात आणि कामाला लागतात. हलकं खायचं असेल तर मी फो गा, म्हणजे चिकनचा फो सुचवेन. गोमांसाच्या फो बोमध्ये कुठला तुकडा पडतो यावर चरबी ठरते. ‘गाउ’ मागितलात तर चरबीदार मांस येतं.

पातेल्याशी उभं राहून पाहिलं की हलकेपणाचं कारण कळतं. रस्सा खळखळत नसतो, कडेला बारीक बुडबुडे येत असतात, एवढंच. जोरात उकळला तर चरबी पाण्यात घुसळली जाते, रस्सा गढूळ होतो आणि मग ती काढता येत नाही. मंद आचेवर ती वर तरंगते, पळीने काढून टाकता येते. ताज्या नूडल्स चाळणीत घालून जेमतेम दहा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवतात आणि नीट झटकतात. पाणी राहिलं तर रस्सा पांचट होतो. वरून चिकन, पातीचा कांदा, कोथिंबीर आणि लिंबाच्या पानांच्या केसासारख्या बारीक चिरलेल्या पट्ट्या.

साधारण हिशेब असा: शिजलेल्या २०० ग्रॅम नूडल्समधून सुमारे २१५ कॅलरी आणि ४८ ग्रॅम कर्बोदकं, तर कातडीशिवायच्या ८० ग्रॅम छातीच्या मांसातून १३० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं. तंतू मात्र नगण्य. मधुमेह असेल तर ‘इत बान्य’ म्हणा, नूडल्स कमी घालतात. हाडांच्या रश्शातून भरपूर कॅल्शियम मिळतं, हा गैरसमज आहे. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरतच नाही.

खरी अडचण सोडियमची. एक मोठा चमचा फिश सॉस म्हणजे सुमारे १४०० मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम. रश्शात तो आधीच असतो, शिवाय मीठ आणि अजिनोमोटोही. म्हणून चव घेतल्याशिवाय वरून सॉस ओतू नका. टेबलावरचं लिंबू, मिरची आणि लसणाचा व्हिनेगर यांनीच चव खुलते. रक्तदाब असेल तर नूडल्स आणि चिकन संपवा, अर्धा रस्सा राहू द्या.

सोबत ‘क्वाय’ नावाच्या तळलेल्या कांड्या येतात. त्या मैद्याच्या असतात, त्यामुळे ग्लूटेन चालत नसेल त्यांनी टाळाव्यात, आणि हलकं खायला आलेल्यांनीही.