दगड आडवा पाहिला तेव्हा

मृगापासून चतुर्थीपर्यंतच्या माझ्या नोंदी इथे एकत्र करतोय. वर्षभर एकच तक्रार होती. आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा कितीही पाजवला तरी टाचेला (मुठीकडच्या बाजूला) आणि टोकाला धार खरखरीत राहायची, गाल चरचरायचा. पात्याच्या मधल्या भागात ती गुळगुळीत लागायची, पण केस ओढायची. मी आधी मनगटाला दोष दिला, मग पट्ट्याच्या चामड्याला, मग पोलादाच्या वयाला. दगडाकडे सगळ्यात शेवटी पाहिलं.

माझ्याकडे दगड दोनच आहेत. किंगचा १००० आणि नानिवाचा १२०००, दोन्ही जपानी कंपन्या; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. मधला दगड नाही, त्यामुळे १००० वरून १२००० वर जाताना घासकाम बरंच पडतं, हे मान्य. पण तक्रारीचं मूळ ते नव्हतं.

जून, दुसरा आठवडा. धारेच्या उतरणीवर काळ्या मार्करने रेघ ओढली आणि १००० वर हलके दहा हात फिरवले. टाचेची शाई गेली, टोकाची गेली, मधली जवळजवळ तशीच. पुन्हा शाई लावून १२००० वर दहा हात फिरवले, तर बरोबर उलटं! मधली शाई साफ, दोन्ही टोकांना शिल्लक. हे पाहिल्यावर मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. पात्यावर एकही जागा अशी नव्हती जिथे दोन्ही दगडांनी काम केलं होतं. एकाने टोकं झिजवली, दुसऱ्याने मधला भाग चमकवला, आणि मी मात्र हात सुधारत बसलो होतो.

मग स्टीलची फूटपट्टी कडेवर उभी करून १००० वर ठेवली आणि मागून बॅटरीचा उजेड टाकला. दगडाच्या लांबीत उभी ठेवली तेव्हा मधोमध ०.६ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकलं. रुंदीत आडवी ठेवली तेव्हा ०.२ मिमीचं.

पहिला आकडा मोठा, म्हणून साहजिकच तोच मोठा दोष वाटतो. तसं नाही. पातं दगडावर आडवं असतं. उभ्या दिशेला दगडाला टेकते ती फक्त पाठ आणि धार, आणि त्यांच्यातलं अंतर माझ्या वस्तऱ्यात १८ मिमी. खोलगटपणा एकसारखा गोल धरला, तर २०० मिमी लांबीतले ०.६ मिमी या १८ मिमीत जेमतेम ५ मायक्रॉन उरतात, कारण अंतर कमी होतं त्याच्या वर्गाने खोली कमी होते. धारेच्या कोनात त्याने काही जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आडव्या दिशेला मात्र ७५ मिमीचं अख्खं पातं ६६ मिमी रुंदीवर पुलासारखं पसरतं आणि ०.२ मिमी म्हणजे २०० मायक्रॉन जसेच्या तसे खाली मोकळे राहतात. कातरीसारखा तिरका हात मारताना पातं थोडं सरकतं, तरी माझी प्रत्येक फेरी आखूड असल्याने पात्याचा मधला तिसरा हिस्सा दगडाच्या उंच कडेवर येतच नव्हता. म्हणून आधी आडवं तपासा, मग तिरकं, दोन्ही कर्णांवर. उभं शेवटी.

जून अखेर. सपाट करायला सपाट काहीतरी लागतं. इथे माझे दोन आठवडे गेले. घरात ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा पडला होता, आरशासारखा चकचकीत. त्यावर फूटपट्टी धरली तर खालून उजेड दिसला. पॉलिश म्हणजे सपाटी नव्हे, हे तिथे कळलं. त्याआधी १००० एका जुन्या दगडावर घासून पाहिला होता. पेन्सिलच्या रेघा सगळ्या पुसल्या गेल्या, मी खूश झालो, आणि फूटपट्टीने सांगितलं की एकाला पोट आलंय आणि दुसऱ्याला त्याच मापाचा खड्डा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर ते एकमेकांना जुळतात एवढंच. सपाटी हवी तर तीन लागतात, आळीपाळीने जोड्या बदलत. इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये यंत्रकामासाठी खऱ्या सपाट पृष्ठांवर निबंध वाचला, तेव्हापासून तीन प्लेटांचं हे तत्त्व त्याच्या नावाशी जोडलेलं आहे. त्याने मात्र घासण्याऐवजी खरवडण्यावर भर दिला होता.

शेवटी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारासाठी गेलो होतो, तिथून १२ मिमी जाडीच्या काचेचा तुकडा कडा घासून आणला. फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात, म्हणून घरगुती कामाला ती पुरेशी सपाट मिळते. पातळ काच घेऊ नका, ती हाताखाली वाकते.

जुलै. काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवला, दगडावर पेन्सिलने जाळी काढली आणि आठच्या आकड्यात घासायला सुरुवात केली. वीस फेऱ्या झाल्या की दगड टोकाकडून टोकाकडे फिरवायचा, नाहीतर हाताच्या दाबाने एक बाजू बारीक होते. माझी आधीच झालेली होती. चार कोपरे व्हर्नियरने मोजले तेव्हा माझ्याकडची बाजू ०.४ मिमीने कमी भरली. चाळीस मिनिटं आणि दोन कागद लागले. सगळ्यात शेवटी गेली ती मधली रेघ.

त्याच दिवशी नारळ पाडायला पाडेली आला होता. त्याचा कोयती पाजवायचा दगड होडीसारखा मधोमध खोल गेलेला. माझं काम पाहून म्हणाला, "इतलो सारको कित्याक करता?" (एवढा सपाट कशाला करता?) त्याचं बरोबरच होतं. कोयतीची धार वाकडी असते, ती खोलगट दगडात नीट बसते आणि हात मोकळा फिरतो. वस्तऱ्याला ती मुभा नाही, कारण इथे कोन हात धरत नाही, पाठ धरते. पाठ आणि धार दोन्ही एकाच प्रतलावर टेकली तरच तो कोन खरा.

कागदाची एक खोड लवकर दिसली. दगडापुढे ओल्या कागदाची बारीक लाट उठते आणि ती दगडाच्या कडा जास्त खाते. आठवडाभराने दगडाला किंचित पोट आलं होतं. म्हणून पैसे साठवून आटोमाची ४०० ची, हिऱ्याचे कण बसवलेली प्लेट घेतली. महाग आहे, पण कागदांचा हिशोब धरता पटली. आता १००० ची जाळी बारा-पंधरा फेऱ्यांत जाते. दगड प्लेटला चिकटून बसायला लागला की जवळपास सपाट झाला समजायचं. मग भरपूर पाणी घालून बाजूने सरकवायचा, उपटायचा नाही.

१२००० ला ही प्लेट अगदी हलक्या हाताने, आणि आधी प्लेट नळाखाली धुऊनच. नानिवाचा हा दगड मऊ आहे. १००० चा एक कण त्यात रुतला की धारेवर ओरखडा आलाच. नंतर काचेवर १५०० चा कागद चार-पाच फेऱ्या, म्हणजे प्लेटच्या रेघा निघतात. दगडाच्या कडा मात्र विसरू नका. सपाट केल्यावर त्या पात्यासारख्या तीक्ष्ण होतात आणि वस्तरा त्यावरून उतरताना धारेचा कपचा काढतात. पाण्याखाली तिरक्या घासून गोलसर करा.

सपाट करण्याचा दुसरा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. घासून घासून दगडावर पोलादाची काळी चकाकी बसते आणि तो चावेनासा होतो. पाट्याला टाकी लावली की वाटण जसं पुन्हा नीट वाटलं जातं, तसाच दगड ताजा होतो.

पावसाचं एक सांगायला हवं. जुलैत १००० भिजवला की सुकायला दोन-दोन दिवस लागले, एकदा बुरशीही धरली. सावलीत, हवेशीर, कडेवर उभा ठेवतो. १२००० भिजवतच नाही, पाणी शिंपडून वापरतो. वस्तऱ्याला काम संपताच शिलाई मशीनचं तेल. खोबरेल कालांतराने चिकट होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी. पुन्हा शाईची रेघ. १००० वर जवळजवळ टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी गेली, १२००० वरही. दाढीत मधला भाग पहिल्यांदाच ओढला नाही. टाचेजवळ दोनेक मिलिमीटर अजून बाकी आहे, कारण वर्षभर टोकं जास्त झिजल्याने धारेला हलकी गोलाई आली आहे. ती एकदम काढायला गेलं तर पोलाद फुकट जाईल. पुढच्या आठ-दहा पाजवण्यांत आपोआप उतरू देणार आहे. दर वेळी १००० आधी सपाट, १२००० दर तिसऱ्या पाजवणीला, आणि महिन्यातून एकदा आटोमावरसुद्धा फूटपट्टी आडवी.