‘डाव्या काठाला मोठी एडी आहे’ : माझा अनुभव

‘झाडाच्या वर डाव्या काठाला मोठी एडी आहे, सहज थांबता येतं.’ आम्ही कयाकनं, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या लहान अरुंद होडीनं, उतरलो त्या नदीबद्दल कुणीतरी लिहून ठेवलेल्या टिपणातलं हे वाक्य मला अजून सलतं. एडी म्हणजे धोंड्यामागे पाणी उलटं वळून जिथे सैलावतं ती जागा. बाकीचं टिपण चांगलं होतं. पाण्यात उतरायची जागा बरोबर, बाहेर पडायचा पूल बरोबर, पात्रात आडव्या पडलेल्या झाडाचा इशाराही बरोबर. फक्त हे लिहिणाऱ्यानं नदी पाहिली तेव्हा पाणी किती होतं, तो आकडा कुठेच नव्हता. त्या एका आकड्यापायी मी पाऊण तास एका कातळाच्या फटीत बोटं घालून बसलो होतो.

आधी नदीबद्दल. बऱ्याच नद्यांत खळाळ संपला की डोह लागतो. डोहात दम घेता येतो, मागच्यांची वाट बघता येते, कुणी उलटून कयाकबाहेर पडलं असेल तर माणूस, कयाक, वल्हं सगळं गोळा करता येतं. सलग उताराच्या नदीला डोहच नसतो. आमचं अंतर 9 किलोमीटर होतं, उतार किलोमीटरला सरासरी 25 मीटर, आणि मधला एक किलोमीटर तर 40 मीटरचा. तिथली एकेक लाट, एकेक धोंडा सुटा पाहिला तर 1 ते 6 या आंतरराष्ट्रीय श्रेणीत तिसरीच्या वर जाणार नाही. पण ते एकामागोमाग एक येतच राहतात, म्हणून अख्ख्या नदीला चौथी श्रेणी धरावी लागते. थांबायचं तर एडीतच. बाकी सगळी नदी तुम्हाला ओढतच असते.

तयारीबद्दल फार लिहीत नाही. कयाक मोठ्या आकारमानाची, गोल नाकाची घेतली होती, कारण तसं नाक दगडांत कमी रुततं आणि उडीनंतर लवकर वर येतं. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख), हेल्मेट, लाइफ जॅकेट, शिटी आणि प्रत्येकाकडे 20 मीटर दोराची थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करणं, मात्र दोन्ही बाजूंनी घोटून घ्या, आणि साचलेल्या पाण्यात नाही, वाहत्या पाण्यात. तिसऱ्या किलोमीटरला मी उलटलो तेव्हा उजव्या बाजूनं उठता येईना, डावीकडून आलो. उथळ पात्रात पालथे झालात तर आधी अंग पुढे दुमडून छाती डेकला, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीला, चिकटवायची. मागे रेललात तर खालचे दगड तोंडावर बसतात. माझ्या हेल्मेटवर दोन ओरखडे आहेत, तोंडावर एकही नाही.

आम्ही चौघं होतो. पुढे ताई, आमच्यात सगळ्यांत अनुभवी, मग मी, मागे दोघं. सकाळी 7 वाजता निघालो, कारण बर्फ वितळून येणाऱ्या नदीला वरच्या अंगाला सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारनंतर चढतं. उतरायच्या जागी पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवर 1.4 मीटर होतं. आकडा पाहिला, वहीत लिहिला, पण कशाशी ताडून बघायचा? टिपणात आकडाच नव्हता. तरीही तिथेच थांबून विचार करायला हवा होता, तो आम्ही केला नाही. चार दिवस ऊन कडक होतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त असणार, एवढं तरी आमच्या लक्षात यायला हवं होतं. पहिले पाच किलोमीटर असे सरले की त्यांचं लिहिण्यासारखं काही नाही.

मग तो किलोमीटरला 40 मीटर उताराचा टप्पा. इथे दोन कयाकींमधलं अंतर फार महत्त्वाचं. पुढचा दिसला पाहिजे, पण त्याच्या अंगावर जाता कामा नये, आणि प्रत्येकाला आपली स्वतःची एडी मिळायला हवी. ताई माझ्यापुढे साधारण 40 मीटरवर होती. टिपणातला तो डाव्या काठाचा मोठा धोंडा मला दिसला आणि हायसं वाटलं. तेवढ्यात ताईनं वल्हं डोक्यावर आडवं धरलं. आडवं वल्हं म्हणजे थांबा. उभं म्हणजे या. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ही खूण चौघांनाही अंगवळणी पडलेली असली पाहिजे.

पुढच्या क्षणी मलाही दिसलं. पाणी धोंड्याच्या बाजूनं जात नव्हतं, धोंड्यावरून जात होतं. कमी पाण्यात धोंड्याचा माथा कोरडा असतो, पाणी दोन्ही अंगांनी वळतं आणि मागे निवांत एडी तयार होते. पाणी माथ्यावर चढलं की तेच पाणी मागे खाली कोसळतं आणि उलटं फिरून होल बनतं, कयाकला घोळवत धरून ठेवणारं. म्हणजे टिपणातली ती ‘मोठी एडी’ 1.4 मीटरला होल झाली होती. लिहिणारा खोटं बोलला नव्हता, तो कमी पाण्यात आला होता. पण आम्ही त्याच्या शब्दावर विसंबून तिकडेच निघालो होतो, आणि त्याखाली 60 मीटरवर ते झाड आडवं होतं.

अशा झाडातून पाणी जातं, माणूस जात नाही. चाळणीवर चोथा अडकावा तसा माणूस फांद्यांवर दाबला जातो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून तिथे बळानं कुणी सुटत नाही. एक गोष्ट आत्ताच सांगतो, नंतर राहून जाईल : पोहत असाल तर एरवी उताणं, पाय पुढे आणि पृष्ठभागाशी, आणि वेगाच्या पाण्यात कधीही उभं राहायचं नाही, पाय दगडात अडकतो. पण समोर झाड आलं आणि टळणारच नसेल तर पालथं व्हायचं, डोकं पुढे करून जोरात त्याच्या दिशेनं पोहायचं आणि हातांनी वर चढायचं. पाय पुढे ठेवून गेलात तर पाय फांद्यांखाली जातात.

ताईनं होलच्या अलीकडेच काठाला चिकटलेला एक कोपरा गाठला. मला तिच्या 15 मीटर वर काठाच्या कातळामागे अर्ध्या कयाकीएवढी जागा दिसली. नाक आत घातलं, वल्हं मांडीवर आडवं टाकलं आणि डाव्या हाताची बोटं कातळाच्या फटीत खुपसली. फटीत शेवाळ होतं, बोटं घसरत होती, म्हणून मुडपून हाडांवर भार घेतला. कयाकची शेपूट बाहेर धारेत होती. दर दोन-तीन सेकंदांनी धार तिला हिसका देई आणि तो हिसका कंबरेतून खांद्यात आणि खांद्यातून त्या चार बोटांत उतरे. स्प्रे स्कर्टवर, म्हणजे कंबरेभोवती बसून कयाकचं तोंड बंद करणाऱ्या झाकणावर, पाणी थपथप आपटत होतं.

ताईनं एकच शिटी दिली. एक म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे जीव धोक्यात. मागच्या दोघांनी वरच कुठेतरी काठ धरला, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते कुठे आहेत हे मान वळवून बघायचीही सोय नव्हती.

ताई कयाकबाहेर पडली, कयाक वर ओढली आणि काठानं खाली झाड बघायला गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मला एकेक मिनिट जड जाऊ लागलं. पाणी बर्फाचं, बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. वाटू लागलं, आपणच स्कर्ट उघडावा आणि कातळावर चढावं, दोन हातांचं तर अंतर आहे. उजवा हात स्कर्टच्या पट्ट्यावर गेलाही होता. तेवढ्यात ताई परत आली आणि ओरडली, “उघडू नकोस! हात काढ तिथून!” स्कर्ट बंद असेपर्यंत हात सुटला तरी मी कयाकीत आहे, उलटलो तर रोल आहे, वल्हं मारून दुसरा कोपरा गाठायची आशा आहे. स्कर्ट उघडून हात सुटला तर कयाक भरणार आणि मी पाणी भरलेल्या कयाकीसकट झाडाकडे जाणार. मला हे माहीत होतं. तरी अर्ध्या तासानंतर हात पट्ट्यावर गेलाच. म्हणून सांगतो, वरून कुणीतरी कयाकचं हँडल धरल्याशिवाय असल्या जागी स्कर्ट उघडू नका, कितीही वेळ लागो.

तिला माझ्या कातळावर पोचायला काठाच्या झुडपांतून वळसा घालावा लागला. ती पालथी पडली, हात लांबवून हँडल पकडलं आणि म्हणाली, “आता उघड. सावकाश.” मी उघडला. गुडघा कातळावर टेकला, तेव्हा डाव्या हाताची बोटं सरळ होईनात. तिनंच ती एकेक करून उघडली.

मग कयाक खांद्यावर घेऊन झाडाच्या खालपर्यंत चालत गेलो. मागचे दोघंही वरून चालत आले. उरलेली नदी छान झाली, शेवटच्या दोन किलोमीटरात तर मी मोठ्यानं हसत होतो.

पुलाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कपडे बदलायच्याही आधी वही काढली. ताईनं विचारलं, “काय लिहितोयस?” मी वाचून दाखवलं : उतरायच्या जागी पट्टीवर 1.4 मीटर, सकाळी 7, चार दिवस कडक ऊन. डावीकडची मोठी एडी या पाण्याला नाही, तिथे होल आहे. झाडाच्या 300 मीटर आधी उजवीकडे पांढऱ्या कातळाशी बाहेर पडा. ती म्हणाली, “उजवीकडचं मी पाहिलंय, पण तिथे दोनच कयाकी मावतील. तेही लिही.” लिहिलं.