आमची वाटचाल : मीटर रूमपासून गच्चीपर्यंत

आमचं मूळ काम इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगचं, मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांमधे वायरिंग, पंपाचं पॅनल, मीटर रूमची दुरुस्ती वगैरे. २०१५ ला राज्यात नेट मीटरिंगचे नियम आले, म्हणजे गच्चीवर सोलर पॅनलने तयार झालेली जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि तेवढे युनिट बिलातून वजा, त्यानंतर आम्ही सोलरमधे उतरलो. माणसं तीच, ओळखीचे सेक्रेटरी पण तेच.

सोलर वाईट आहे असं म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटला नाही. पण आपल्याच गच्चीवर लावायचं म्हटलं की एजीएममधे, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, वेगळंच सुरू होतं. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गळती लागली तर आमच्या छताला लागणार, तळमजल्यावरचे म्हणतात लिफ्ट आम्ही वापरत नाही मग लिफ्टच्या बिलासाठी आमचे पैसे का, कोणी म्हणतं रिडेव्हलपमेंट आलं की पॅनलचं काय, आणि जिथे मोबाइल टॉवरवरून भांडणं झालेली असतात तिथे तर गच्चीवर काहीच नको. हे सगळे प्रश्न मला रास्त वाटतात. विरोध सोलरला नसतोच, त्रास कोणाला, फायदा कोणाला आणि आम्हाला विचारलं होतं का, एवढंच लोकांना हवं असतं.

विजेचं सगळीकडे असंच आहे. एका सभेत मूळचे मुळशीकडचे एक काका उठले, म्हणाले मुंबईला वीज मिळावी म्हणून आमच्या पणजोबांची जमीन धरणात गेली, १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तरी धरण झालंच. पाण्याच्या विजेला धूर नाही राख नाही हे त्यांनाही मान्य, पण त्यांच्या घरात तिच्याबद्दल आजही कोणी चांगलं बोलत नाही. त्याच सोसायटीत राजापूरकडच्या एक ताई आहेत, जैतापूरच्या अणुप्रकल्पाला त्यांचा कडक विरोध, आणि त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधले काका तारापूरला नोकरी करून रिटायर झालेले, तिथे १९६९ पासून अणुवीज तयार होतेय आणि ते म्हणतात आम्ही पोरं तिथेच वाढवली, काही झालं नाही. २०११ चं फुकुशिमा दोघांनी टीव्हीवर पाहिलंय, माहिती कोणाकडेच कमी नाही. पण काकांचं घर त्या पगारावर उभं राहिलं आणि ताईंना माहेरची कलमं आणि खाडीतली मासेमारी जायची भीती आहे. माहितीपत्रकं वाटून हे बदलणार नाही, आणि का बदलावं तेही मला कळत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली, लोकल थांबल्या, त्यानंतर खूप फोन आले की सोलर लावलं तर असं होणार नाही ना. आम्ही सरळ सांगायचो, बॅटरी नसेल तर ग्रिड गेली की तुमचं सोलर पण बंद होतं, कारण लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, स्वतःच थांबतो. काही लोकांनी फोन ठेवून दिला. ज्यांनी ऐकून घेतलं त्यातल्या काहींची कामं पुढे झाली, आणि त्यांच्या गल्लीतल्या बाकीच्या सोसायट्यांचीही, कारण लोक आमच्यापेक्षा शेजारच्या सेक्रेटरीला जास्त विचारतात.

२०२४ ला पीएम सूर्यघर ही केंद्र सरकारची गच्चीवरच्या सोलरसाठीची योजना आली. स्वतःचं छत असलेल्याला ३ किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी, पण मुंबईत स्वतःचं छत किती जणांकडे असतं, इथे सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८ हजार मिळतात. सबसिडीने चौकशी वाढते हे खरं. होकार मात्र तेव्हाच येतो जेव्हा लोकांना आकडे पटतात, त्यामुळे आम्ही १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी ४ युनिट धरतो, आणि जुलै-ऑगस्टचे कमी आकडे वेगळे लिहून देतो. जमेल तिथे स्लॅबला भोक न पाडता सिमेंटच्या ब्लॉकवर स्ट्रक्चर उभं करतो, पावसाळ्याच्या आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला सोबत घेतो.

आता कोटेशन द्यायच्या आधी वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना गच्चीवर नेतो, पॅनल कुठे येणार, वाळवण आणि संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी किती जागा उरणार ते खडूने आखून दाखवतो, तळमजल्यावरच्यांना मेंटेनन्समधे किती फरक पडेल ते मांडून देतो, आणि मगच कमिटीशी पैशांचं बोलतो.