दहाच्या जोड्या आणि आबांचे नारळ

म्युनिकच्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागते ऑगस्टच्या सुरुवातीला आणि चालते सहा आठवडे. त्यामुळे आमचं गोव्याला येणं दरवर्षी भर पावसातलं. मयेच्या घरी पोचलो तेव्हा पडवीवर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तयारीचा पसारा होता आणि आई माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीला, काय काय आणायचं त्याची यादी म्हणत होती.

यंदा सामानात गणिताची एक वही जास्तीची होती. लेक दुसरी संपवून तिसरीत जाणार आहे. तिथे तिसरीत आकडे हजारापर्यंत जातात. वर्ष संपताना तिच्या बाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, ‘ती शंभरापर्यंतची बेरीज-वजाबाकी करते, पण बोटं मोजून. सुट्टीत नवीन काही शिकवू नका. दहाच्या जोड्या, कुठले दोन आकडे मिळून दहा होतात, तेवढ्या पक्क्या करा.’

मला आधी ते फारच किरकोळ वाटलं. मग बसून विचार केला. आठ अधिक पाच आपण कसं करतो? आठाला दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून काढले, उरले तीन, झाले तेरा. हे मनात व्हायचं तर आठाचा जोडीदार दोन आणि पाचातून दोन गेले की तीन, हे दोन्ही न थांबता यायला हवं. तिथेच अडलं की मूल बोटांकडे वळतं. अठ्ठावीस अधिक पाचला पुन्हा तेच, तीनशे अठ्ठ्याऐंशी अधिक पाचला पुन्हा तेच. हजारापर्यंत जाणाऱ्या मुलीचं घोडं दहापाशीच अडलेलं होतं.

जर्मन शाळेत या जोड्यांना ‘फरलीब्टे त्सालेन’ म्हणतात, प्रेमात पडलेले आकडे. एका बदामात सात आणि तीन, दुसऱ्यात सहा आणि चार. लेकीने वर्षभर ते बदाम मन लावून रंगवले. आकडे मात्र बदामातच राहिले.

पहिले चार दिवस वही घेऊन बसवलं. चौथ्या दिवशी मी आवाज चढवला आणि तिचे डोळे भरून आले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आई आतून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही, डब्यातून पाच चिंचोके काढले आणि पाट्यावर एकेक फोडला. दहा अर्धुकं झाली. वरून तपकिरी, आतून पांढरी. लहानपणी आम्ही याच अर्धुकांचे फासे करून खेळायचो.

आईने मूठ हलवून दहाही जमिनीवर टाकली आणि पांढऱ्यांवर झटकन हात ठेवला. ‘बाय, तपकिरी किती?’

‘सहा.’

‘मग माझ्या हाताखाली किती?’

लेकीची बोटं हलायला लागली. आईने हात उचलून दाखवला: चार. पुन्हा मूठ, पुन्हा हात. पंधरा मिनिटं झाली आणि आईने डबा बंद केला. लेक ‘अजून, अजून’ करत होती तरी. तिथे थांबणं महत्त्वाचं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण सकाळी दात घासायच्या आधीच ती डबा घेऊन उभी.

मी नुसती बघत बसायचे. तीन-चार वस्तू डोळा एकदम टिपतो, त्यापुढे मोजावं लागतं किंवा गट पाडावे लागतात. आठवड्याने ती सहा अर्धुकं मोजेनाशी झाली, बोटाने तीन-तीन असे दोन ढीग सरकवून ‘सहा’ म्हणू लागली. पाच-पाच सगळ्यात आधी बसलं, मग नऊ-एक, आठ-दोन. सात-तीन शेवटपर्यंत चिवटपणे अडून राहिलं.

दुसरी अडचण आबांनी पकडली. त्यांनी त्रेसष्ट लिहायला सांगितलं, हिने लिहिलं ३६. आबा म्हणाले, ‘चुकलं कुठे तिचं? तू तीन आधी म्हणालास की!’ हे ते स्वतःलाच म्हणत होते. खरंच आहे ते. मराठीत त्रेसष्ट म्हणजे तीन आणि साठ, जर्मनमध्ये ‘द्रायउंडझेख्त्सिग’ म्हणजेही तीन आणि साठ. तिच्या दोन्ही भाषा एकक आधी बोलतात आणि लेखणी मात्र दशकापासून चालते. बिचारीने ऐकलं तसं लिहिलं.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या, आणि त्यांनी किती शांतपणे बाजू मांडली होती. मी तेव्हा ‘आपली भाषा बिघडवू नका’ म्हणणाऱ्यांत होते. पुढे जर्मनीत कळलं की बोखुमच्या विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्सेन यांनीही ‘त्स्वान्त्सिगआइन्स’, म्हणजे वीस-एक, म्हणण्याची मोहीम चालवली आहे. नॉर्वेने तर १९५१ साली हा बदल सरकारी निर्णयानेच केला. एकवीस, बावीस, त्रेसष्ट हे माझ्या लेकीला आलेच पाहिजेत, त्यावर मी ठाम आहे. पण लिहिताना अडखळणाऱ्या मुलाला चार दिवस ‘साठ तीन’चा आधार घेऊ दिला तर भाषेचं काही बिघडत नाही, हे आता मनापासून पटलंय.

घड्याळातही हाच गोंधळ. जर्मनमध्ये ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच, तिसऱ्याच्या वाटेवरचा अर्धा तास. आमच्याकडे साडेतीन म्हणजे तीन होऊन वर अर्धा. साडेतीनला चहा म्हटलं की ही अडीचलाच कप मांडून बसायची. दोन-तीनदा झालं, मग सुटलं.

३६ आणि ६३ मात्र सुटले नारळांवर. चवथीच्या आधी दोन दिवस उघाड पडली आणि नारळ काढणारा पाडेली येऊन गेला. आबा नारळ मोजतात ते दोन्ही हातांत दोन-दोन धरून, चाराचा एक हात. पंचवीस हात झाले की शंभर, आणि शंभरामागे एक नारळ खुणेला बाजूला. यंदा त्यांनी नातीसाठी पद्धत बदलली. दहाचा एक ढीग, राहिलेले सुटे. ‘लिहिताना आधी ढीग बघायचे, मग सुटे,’ एवढंच सांगितलं. सहा ढीग, तीन सुटे. तिने तोंडाने त्रेसष्ट म्हटलं, डोळे ढिगांवर गेले आणि वहीत ६३ उमटलं. मी मागे उभी होते, काही बोलले नाही.

ढीग वाढत गेले. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे आबांनी सांगितल्यापासून तो शब्द तिला फार आवडलेला. शेवटी अंगणात नऊ ढीग आणि नऊ सुटे राहिले. आबांनी विचारलं, ‘किती झाले गो?’

‘एकोणशंभर!’

आबांनी नव्याण्णव हा शब्द सांगितला, पण तिचा एकोणशंभरही बरोबर आहे म्हणाले. तिने ९९ लिहिलं आणि थबकून माझ्याकडे पाहिलं. ‘आई, एक विहिरीकडे गडगडत गेलेला ना?’ आणि ती अनवाणीच त्या चिखलातून विहिरीकडे पळाली.