टायमिंग चेन तुटली तेव्हा

डिसेंबरपासून सकाळी गाडी चालू केली की पहिले दोन-तीन सेकंद बोनेटखालून खडखड यायची. पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तशी. मग दिवसभर आवाज नाही. नेहमीच्या सर्व्हिसवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डिझेल आहे ताई, थंडीत आवाज करणारच. आणि हिला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ती काही बदलावी लागत नाही." मी निर्धास्त झाले. गाडी तेरा वर्षांची, १ लाख ४६ हजार किलोमीटर झालेली. शेवटचं ऑइल बदलल्यालाही १८ हजार किलोमीटर होऊन गेले होते.

फेब्रुवारीत कराडहून कोल्हापूरला निघाले. पेठ नाका मागे पडला, वेग ऐंशीच्या आसपास, आणि इंजिनातून एकदाच 'खट्ट' असा आवाज आला. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला, स्टेअरिंग जड झालं. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, नंतर पेडल दाबता दाबेना. या इंजिनात ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर फिरतो, हे मला नंतर कळलं. मागे उसाचा ट्रक होता. त्यानं बाजू दिली म्हणून कडेला पोचले.

थांबल्यावर मी दोनदा सेल मारला. ते करायला नको होतं. एरवी सेल मारताना इंजिन जोर लावत, ठेके देत फिरतं, कारण सिलिंडरमध्ये हवा दाबली जात असते. त्या दिवशी ते मिक्सरसारखं एकसारखं, हलकं फिरलं. असा आवाज ऐकलात तर चावी काढून खिशात ठेवा. क्रँकचे, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या खालच्या दांड्याचे, दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हावा, ही सांगड चेन घालते. ती तुटली की सिलिंडरची तोंडं उघडझाप करणारे व्हॉल्व्ह असतील तसे थांबतात, काही उघडेच राहतात, आणि खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी हेडला, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या वरच्या भागाला, भिडायला येतो, त्यामुळे उघडा व्हॉल्व्ह सुटत नाही.

हायवेवरच्या गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळाले. एक, नवी चेन टाकून चालू होते का बघू. दोन, हे इंजिन सोडा, जुन्या बाजारातलं दुसरं बसवतो. त्या दुसऱ्या इंजिनाचं ऑइल कुणी, कधी बदललं होतं हे कोण सांगणार? मी गाडी टोचन करून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरजवळच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुटल्यावर किती वेळा सेल मारला, ताई?" मी खरं ते सांगितलं. "मग हेड उतरल्याशिवाय मी चेनला हात लावणार नाही."

त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं ते तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये दिसलं. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या सोळापैकी नऊ रॉकर मधोमध मोडलेले, मोड ताजा, करड्या दाणेदार रंगाचा. दोन पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटलेली. मिस्त्रींनी जुनी चेन आणि नवी चेन एका टोकाला एकाच खिळ्याला अडकवून भिंतीवर लोंबती धरली. कड्या तितक्याच, तरी जुनी खाली उतरलेली. लोखंड ताणलं गेलेलं नसतं, प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते आणि ती सगळी झीज मिळून लांबी वाढते. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं, कमी झालं, की सकाळी दाब चढेपर्यंत चेन सैल राहते आणि तिला वाट देणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाईडवर आपटते. माझी खडखड ती हीच होती. दोन महिने गाडी रोज सांगत होती.

हेड उद्यमनगरात मशीनवर गेलं. तिथल्या कारागिरानं आधी ते आडवं ठेवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं. चार व्हॉल्व्हच्या कडेनं ते झिरपू लागलं, म्हणजे ते चार वाकलेले. ते बदलले, बाकीचे घासून बसवले, हेडची पातळी तपासली. इकडे मिस्त्रींनी ऑइल चेंबर खोललं. तुटक्या गाईडचे प्लॅस्टिकचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले होते. हे काम अंदाजपत्रकात नसेल तर आग्रहानं लिहून घ्या. जाळी तुंबलेली राहिली तर नव्या इंजिनकामालाही ऑइल मिळत नाही.

चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट, रॉकर, हेड गॅस्केट, हेडचे नवे बोल्ट, सगळं मिळून ४६ हजार रुपये झाले. गाडी विकली असती तर फार काही आलं नसतं, हे घरच्यांनी ऐकवलं. तरी मला ही गाडी हवी होती. बॉडी शाबूत आहे, गिअर मऊ पडतात, आणि आता तिच्या पोटात काय आहे ते मी पाहिलेलं आहे.

अकराव्या दिवशी मिस्त्रींनी क्रँकच्या आणि कॅमशाफ्टच्या खुणा जुळवल्या आणि पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे अडलं नाही. मग सेल. तिसऱ्याला इंजिन लागलं. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि बोनेटवर वाकून बराच वेळ ऐकत राहिले.

हजार किलोमीटरवर पुन्हा बोलावलं होतं. जुनं ऑइल ट्रेमध्ये उतरलं तेव्हा त्यांनी दोरीला बांधलेला चुंबक त्यात फिरवून वर काढला आणि फडक्याला पुसला. फडक्यावर नुसतं ऑइल होतं.